पुतळ्याचा गोल

एका जंगलात, मुलांनो, पाय सगळ्यांना होते, पण चेंडू एकच होता. म्हणून तिथे फुटबॉल सुरू झाला.

आधीच सांगून ठेवतो, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. शाळेत दोन दप्तरं ठेवून गोल आखायचे, तेव्हा मला दप्तरं राखायला बसवत. त्यामुळे या विषयावर मी अगदी आत्मविश्वासाने बोलू शकतो. ऑफसाइड म्हणजे काय, हे मला अजून समजलेलं नाही. सुदैवाने त्या जंगलातही ते कुणाला समजत नव्हतं, म्हणून तो नियमच त्यांनी ठेवला नव्हता.

तुम्ही मुलं नाही, हेही मला दिसतं आहे. काही जण बसताना गुडघ्यावर हात ठेवून बसलात. पण गोष्ट सांगताना 'मुलांनो' म्हणायची रीत आहे. ऐकणाऱ्याने अधूनमधून 'हूं' म्हणायचीही रीत आहे. तुम्ही नाही म्हटलं तरी चालेल. सवय झाली आहे.

तर त्या जंगलातून एक नदी वाहायची. नदीच्या अलीकडे अल्याड आणि पलीकडे पल्याड. दोन्हीकडे एकेक तालीम, एकेक संघ. चेंडू सुगरणींनी विणलेला असे. आत सावरीचा कापूस भरलेला. अल्याड आणि पल्याड वर्षभर एकमेकांकडे बोरं, जांभळं पाठवत आणि सामन्याच्या दिवशी एकमेकांच्या पूर्वजांचा उद्धार करत.

अल्याडला एक चौसिंगा राहायचा. चौसिंगा म्हणजे चार शिंगांचं लहानसं हरीण. दोन शिंगं कानांजवळ आणि दोन बारकी, बोटाएवढी, कपाळावर. हा तरणाबांड होता. त्याचं नाव भिंगऱ्या. लहानपणी तो स्वतःभोवती भिंगरीसारखा फिरायचा आणि चक्कर येऊन पडायचा, म्हणून आईने ते नाव ठेवलं होतं. पुढे तो फिरायचा तेव्हा चक्कर दुसऱ्यांना येऊ लागली. तेव्हा त्याला तालमीत घेतलं.

तालमीचे प्रशिक्षक साळिंदरसर होते. मोठे प्रशिक्षक. पण त्यांची पाठ कधी कुणी थोपटली नव्हती, कारण पाठभर काटे. चेंडूसुद्धा त्यांच्यापासून लांब ठेवावा लागे.

पहिलं वर्षभर भिंगऱ्या राखीव खेळाडूंच्या ओंडक्यावर बसून होता. आघाडीला तेव्हा सांबरदादा खेळत. अंगाने थोर, मानाने थोर, आणि शिंगं तर अशी की चेंडू त्यांत अडकला की सामना थांबवून काढावा लागे.

आणि मग पल्याडशी सामना झाला. गोल कुणाचाच नव्हता. खेळ संपत आला होता. सांबरदादा हवेत उडी मारून चेंडूला डोकं लावायला गेले आणि त्यांची शिंगं वरच्या वेलीत गुंतली. ते तिथेच लोंबकळत राहिले.

साळिंदरसरांनी ओंडक्याकडे पाहिलं. ओंडक्यावर भिंगऱ्याशिवाय कुणीच नव्हतं.

"उतर."

"मी, सर?"

"नाही, ओंडका. ऊठ!"

"पण सर, उभं कुठं राहू?"

साळिंदरसर सांबरदादांना वेलीतून सोडवायच्या गडबडीत होते. त्यांनी मागे न बघताच सांगितलं, "जिथं कुणी नसेल तिथं."

सरांनी आयुष्यात पुष्कळ डावपेच शिकवले. झाडाच्या सालीवर नकाशे काढले. पण खरं शिकवलं ते या तीन-चार शब्दांत. भिंगऱ्याने मैदानावर नजर फिरवली. उजवीकडे गर्दी, डावीकडे गर्दी. गोलच्या समोर थोडं तिरकं, एका जागी गवत तेवढं होतं. तो तिथे जाऊन उभा राहिला. चेंडू घरंगळत घरंगळत, जणू पत्ता विचारत, तिथेच आला. भिंगऱ्याने तो मारला.

गोल.

अल्याडने सामना जिंकला. माकडांनी झाडं हलवली. ज्यांना फुटबॉल समजत नव्हता ते जास्त नाचले. मीही तिथे असतो तर नाचलो असतो.

इथवर गोष्ट सरळ आहे. तरुण खेळाडू, पहिला गोल, आईच्या डोळ्यांत पाणी. इथेच थांबलो असतो तर शाळेच्या पुस्तकात लागली असती. पण अल्याडला एक सत्कार समिती होती.

समितीचे अध्यक्ष तरसअण्णा. त्यांना कशाचंही हसू यायचं, त्यामुळे ते लोकप्रिय होते. गेली काही वर्षं समितीला सत्कार करण्याजोगं कुणी मिळालं नव्हतं. मागच्या वर्षी तर एका वडाचा सत्कार करावा लागला, तो पडला नाही म्हणून. अशा वेळी भिंगऱ्याने गोल केला.

पहिला सत्कार समितीने केला. शाल म्हणून केळीचं पान पांघरलं आणि श्रीफळ म्हणून कवठ दिलं. गोल वस्तू समोर आलेली बघून भिंगऱ्याचा पाय आपोआप उठला. कवठ तरसअण्णांच्या नाकावर बसलं.

"पाहिलंत?" तरसअण्णा नाक चोळत हसले. "सत्कारातसुद्धा सराव चालू आहे!"

टाळ्या पडल्या.

मग वानरांच्या मंडळाने सत्कार केला. वटवाघळांच्या भगिनी मंडळाने केला. तिथे सगळ्या उलट्या लटकलेल्या होत्या, त्यामुळे त्यांना भिंगऱ्याच उलटा वाटला आणि 'आजची पिढी' या विषयावर भाषणं झाली. मधमाश्यांनी केला. त्या सत्काराचे वळ आठवडाभर राहिले.

"सरावाला ये," साळिंदरसर म्हणाले.

"सर, आज मुंग्यांकडे सत्कार आहे. रांग मोठी आहे म्हणतात."

"मग उद्या ये."

"उद्या मुंग्यांचा सत्कार आहे. माझा सत्कार केला म्हणून. मी प्रमुख पाहुणा."

सरांचे काटे हळूहळू उभे राहिले.

आता सत्कार म्हटला की मानपत्र आलं. अल्याडची सगळी मानपत्रं एक घुबड लिहायचं. त्याच्याविषयी मी फार बोलणार नाही. आमचं बरंच जुळतं, त्यामुळे नीट सांगता येणार नाही. इतकंच सांगतो की ते पिंपळाच्या पानावर लिहायचं आणि त्याला विशेषणांचा सोस होता. एका नामाला चार विशेषणं लावल्याखेरीज त्याला ते नाम उघडं, थंडीत कुडकुडणारं वाटायचं.

पूर्वी हे खपून जाई, कारण लिहिलेलं पान आधी घुबडिणीकडे जायचं. ती ढोलीच्या तोंडाशी बसून वाचायची आणि चोचीने एकेक विशेषण खोडायची.

"हा 'तेजस्वी' कशाला?"

"अगं, शोभतो तिथं."

"सशाचा सत्कार आहे. ससा तेजस्वी नसतो. ससा चांगला असतो." आणि खोडायची.

शेवटी पानावर उरायचं ते बरं असायचं. लोक घुबडाचं कौतुक करायचे. घुबड ते स्वतःकडे ठेवून घ्यायचं.

गेल्या हिवाळ्यात घुबडीण गेली. तेव्हापासून मानपत्रं लांबत चालली होती.

भिंगऱ्याचं मानपत्र पिंपळाच्या एका पानावर मावलं नाही. फांदी लागली. त्यात 'अल्याडभूषण' होतं, 'चपलचरण' होतं, आणि शेवटी एक वाक्य होतं. घुबडाला ते फार आवडलं होतं. ते असं : 'ज्या पुण्यपावन भूमीवर उभे राहून या वीराने तो अलौकिक गोल केला, त्या भूमीवर तो युगानुयुगे असाच उभा राहो!'

घुबडीण असती तर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत खोडलं असतं. म्हणाली असती, "तो युगानुयुगे उभा राहिला तर जेवेल कधी?"

पण खोडणारं कुणी नव्हतं. वाक्य तसंच वाचलं गेलं. आणि अल्याडची एक पद्धत होती, मुलांनो. तिथे मानपत्र ऐकत कुणी नसे, पण टाळ्या सगळे वाजवत. आणि टाळ्या वाजल्या की तो ठराव मंजूर झाला असं धरत.

दुसऱ्या दिवशी तरसअण्णांनी समिती बोलावली. "ठराव झालाय. तो त्या जागेवर युगानुयुगे उभा राहिला पाहिजे. कसं करायचं?"

"त्यालाच उभा करू," एक वानर म्हणालं.

"तो हलतो."

"मग पुतळा!"

सुतारपक्ष्याला बोलावलं. त्याने सागाचा ओंडका निवडला, भिंगऱ्याला समोर उभं करून नीट न्याहाळलं आणि चार शिंगं आखली. तरसअण्णांनी बघितलं आणि मान हलवली.

"चार शिंगं?"

"आहेत चार."

"असतील. पण बाहेरगावच्या पाहुण्यांना खरं वाटायला नको? दोनच ठेव. पण मोठी ठेव. आणि हा फार बुटका दिसतोय. जरा भव्य कर."

"भव्य म्हणजे किती?"

"सांबराएवढा."

अशा रीतीने भिंगऱ्याचा पुतळा झाला. तो सांबरदादांसारखा दिसत होता. आणि तो बसवला कुठे? ठरावात होतं तिथेच. गोलच्या समोर, थोडं तिरकं, जिथे त्या दिवशी नुसतं गवत होतं तिथे.

अनावरणाला सगळं जंगल लोटलं. पुतळ्याला हार घातला. एक म्हातारं कासव उशिरा पोचलं. त्याने पुतळा पाहिला, हार पाहिला आणि शेजारी उभ्या असलेल्या चौसिंगीला हळू आवाजात विचारलं, "कधी गेला हो?"

ती भिंगऱ्याची आई होती.

"गेला नाही! हा काय इथं उभाय माझा पोर!"

"अरेरे. मग हार कशाला?"

तिने भिंगऱ्याला त्याच पावली घरी नेलं, मीठमोहऱ्या नव्हत्या म्हणून निंबाचा पाला ओवाळला आणि म्हणाली, "तिकडं बघत जाऊ नकोस."

पण बघायला नको कसं? तो मैदानातच होता.

पुढचा सामना आला. भिंगऱ्या धावत गेला. सरांचं सांगणं त्याच्या कानात होतं : जिथं कुणी नसेल तिथं. त्याचे पाय त्याला नेहमीच्या जागी घेऊन गेले आणि तो धाडकन स्वतःवरच आपटला. जिथं कुणी नव्हतं, तिथं आता तो स्वतःच होता.

त्याने डावीकडून मारून पाहिलं. चेंडू पुतळ्याच्या पोटाला लागला. उजवीकडून मारला, मानेला लागला. वरून मारला, शिंगात अडकला. चेंडू परत येताना लोक उभे राहून टाळ्या वाजवत.

"काय अडवलाय!"

"अरे, आपला भिंगऱ्याच आहे तो!"

"आणि मारणारा कोण?"

"असेल कुणीतरी नवीन."

सामन्यामागून सामने गेले. गोल होईना. साळिंदरसर समितीकडे गेले. तरसअण्णा कशावर तरी हसून लोळत होते.

"अण्णा, पुतळा हलवा. थोडा बाजूला. ओढ्याजवळ बसवा, शोभेल."

"पुतळा हलवायचा?" तरसअण्णांचं हसू थांबलं. ते फार क्वचित थांबे. "भावना दुखावतील, सर."

"कुणाच्या?"

"ते अजून ठरायचं आहे. पण दुखावतील."

सर परत आले. त्याच आठवड्यात आणखी एक अडचण निघाली. पंच म्हणून एक बगळा असे. एका पायावर उभा राहून तो विचार करी. त्या दिवशी त्याने शिट्टी फुंकली आणि म्हणाला, "अल्याडचे मैदानावर बारा आहेत."

"अकरा," सर म्हणाले.

"मला बारा दिसतात."

"अहो, तो पुतळा आहे!"

"मैदानाच्या आत आहे ना? आत तो खेळाडू. एक जण कमी करा."

समिती तिथल्या तिथे बसली. तरसअण्णांनी प्रश्न सोपा करून मांडला. "भिंगऱ्या नावाचे आपल्याकडे दोन झालेत. एकाच नावाचे दोघे कशाला? एक काढू."

सगळ्यांनी दोघांकडे पाहिलं. एक उंच होता, ताठ होता, जागा सोडत नव्हता, पंचाशी हुज्जत घालत नव्हता, आणि त्याच्या गळ्यात हार होता. दुसरा घामाने भिजलेला होता आणि त्याच्या नाकाला सागाचा एक टवका लागला होता.

"काढायचा तो काढा," पंच म्हणाला. "मला दुसरा पाय टेकायचाय."

भिंगऱ्या ओंडक्यावर येऊन बसला.

तो तिथे किती दिवस बसला ते मी मोजलं नाही. आघाडीवीर ओंडक्यावर बसला की त्याचे पाय आतल्या आत धावत राहतात. ते बघणाऱ्याला दिसत नाही. आईला दिसायचं. रात्री झोपेत तो लाथा झाडायचा, तेव्हा ती जरा सरकून झोपायची.

मग पल्याडहून निरोप आला. 'तुमच्याकडचा जास्तीचा भिंगऱ्या काही दिवस उसना मिळेल का?' शेजारी वाटीभर साखर मागतात तसा. समितीने लगेच होकार दिला. शेजारधर्म म्हणून. पूल नव्हता. भिंगऱ्या पोहत गेला. त्याची आई काठावर उभी राहिली.

"पोचलास की हाक मार!" ती ओरडली.

त्याने मारली. पण नदीला पाणी फार होतं.

पल्याडच्या प्रशिक्षक रानमांजरबाई होत्या. त्यांनी भिंगऱ्याच्या भोवती एक फेरी मारली, मग उलटी फेरी मारली.

"पुतळा पाहिला होता तुझा. तू फारच लहान निघालास."

"हो, बाई."

"आणि ही कपाळावरची काय? टेंगळं?"

"शिंगंच आहेत, बाई."

"बरं. चालू दे."

पल्याडलाही तो ओंडक्यावरच बसला. ओंडका वेगळा, बसणं तेच. शेवटी अल्याडशी सामना ठरला, तोही अल्याडच्या मैदानावर. बाईंनी त्याला बोलावून घेतलं.

"तुला उत्तरार्धात उतरवते. गोल केलास तर तू आमचा. नाहीतर परत जा. उसनं आणलेलं फार दिवस घरात ठेवू नये. लोक बोलतात."

भिंगऱ्याने मान हलवली. पण परत कुठे जायचं? तिकडे त्याच्या जागी तो उभा होता. पल्याडने ठेवलं तरच त्याला खेळायला मिळणार होतं. नाहीतर आयुष्यभर ओंडका. एका गोलवर सगळं आलं होतं.

सामन्याच्या दिवशी पल्याडचा संघ अल्याडच्या फाटकावर आला. राखणीला खवल्या मांजर होतं. त्याने सगळ्यांना आत सोडलं आणि भिंगऱ्याला अडवलं.

"नाव?"

"भिंगऱ्या."

"कुठला?"

"इथलाच की! अरे, मी भिंगऱ्या!"

खवल्या मांजराने मैदानाकडे बोट केलं. "भिंगऱ्या तो. त्याला दोन शिंगं आहेत. तुम्हाला चार आहेत. उगीच मोठ्या माणसांचं नाव लावू नका."

भिंगऱ्याने वाद घातला. वाद वाढल्यावर खवल्या मांजर आपल्या रिवाजाप्रमाणे अंगाचं वेटोळं करून गोल झालं. समोर गोल वस्तू बघून भिंगऱ्याच्या पायाला क्षणभर मोह झाला. पण तो आईचा मुलगा होता. तेवढ्यात पाठीमागून हाक आली.

"अरे, हडकलास किती! तिकडं जेवायला देत नाहीत का?"

आई होती. तिने त्याला पुतळ्याशी ताडून पाहिलं नाही. तिने खवल्याच्या वेटोळ्याला पायाने हळूच बाजूला सारलं आणि पोराला आत घेतलं.

पूर्वार्ध असा गेला : अल्याडचे खेळाडू चेंडू पुतळ्याकडे ढकलत, तो पुतळ्याला लागून परत येई आणि सगळे 'काय संयम!' म्हणत. गोल झाला नाही. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. आता पुतळ्यामागचा गोल अल्याडचा होता, तेव्हा तोच पुतळा बचावाला आला. दोन्हीकडे उपयोगी पडणारा असा खेळाडू जंगलाने पूर्वी पाहिला नव्हता.

भिंगऱ्याला उतरवलं. दिवेलागण झाली होती. जंगलात दिवे नसतात, पण वेळ ती होती. त्याने मैदानावर नजर फिरवली. उजवीकडे गर्दी. डावीकडे गर्दी. समोर तो स्वतः, हार घालून. जिथं कुणी नसेल तिथं, सर म्हणाले होते. कुठेच जागा नव्हती.

मग त्याला दिसलं की पुतळ्याच्या पाठीमागे कुणी नाही. पुढून सगळे बघत होते. हार पुढून घालत, नमस्कार पुढून करत. पाठीमागे पुतळ्याची सावली पडली होती आणि तिथे गवत वाढलं होतं. जपायला कुणी उभं नव्हतं, कारण पुतळ्याला पाठ आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

तो सावलीत जाऊन उभा राहिला. तिथून तो कुणालाच दिसत नव्हता.

पल्याडच्या एका सशाने चेंडू उंच उडवला. चेंडू पुतळ्याच्या शिंगांवरून गेला आणि पलीकडे सावलीत उतरला. भिंगऱ्याने पाय मागे घेतला. किती दिवसांनी घेतला होता तो पाय मागे! समोर फक्त अस्वल होतं, अल्याडचं गोलरक्षक. त्याने भिंगऱ्याला पाहिलं. त्याचं तोंड उघडं पडलं. चेंडू त्याच्या डाव्या कानाजवळून आत गेला.

गोल.

लोकांनी काय पाहिलं होतं? चेंडू पुतळ्याकडे गेला. चेंडू गोलमध्ये गेला. मधलं कुणी पाहिलं नव्हतं.

"गोल कुणाचा?" रानमांजरबाईंनी पंचाला विचारलं.

बगळा नुकताच पाय बदलत होता. पाय बदलताना तो डोळे मिटे. त्याने पुतळ्याकडे पाहिलं, जाळीतल्या चेंडूकडे पाहिलं. "पुतळ्याचा," तो म्हणाला.

"मी मारला!" भिंगऱ्या सावलीतून बाहेर आला. "मी मारलाय! अस्वलकाका, तुम्ही बघितलंत ना?"

अस्वलाने बघितलं होतं. पण त्यालाही घर होतं, शेजारी होते. एका ओंडक्यावरच्या पोराने कानाजवळून गोल मारला हे सांगायचं, की थोर भिंगऱ्यापुढे आपण हरलो हे सांगायचं? त्याने मान खाली घातली.

"पुतळ्याने मारला," अस्वल म्हणालं. "असा गोल अडवणं कुणाच्या हातात असतं?"

मग मात्र जंगल दणाणलं. पल्याडकर जिंकले म्हणून नाचले. अल्याडकर हरले, पण तेही नाचले. "हरलो, पण आपल्याच माणसाने हरवलं!" तरसअण्णांना हसू आवरेना. झाडून सगळे पुतळ्याकडे धावले. त्या धावण्यात भिंगऱ्या दोनदा पडला.

साळिंदरसर मैदानाच्या कडेला होते. भिंगऱ्या त्यांच्यापाशी आला.

"कुठं उभा होतास?" सरांनी विचारलं.

"जिथं कुणी नव्हतं तिथं."

"दिसला नाहीस."

"म्हणून तर, सर."

सरांनी पुढे होऊन त्याची पाठ थोपटायला पंजा उचलला, आणि मग आपले काटे आठवून खाली घेतला. भिंगऱ्याने स्वतःच एक पाऊल पुढे टाकलं. एक काटा लागला. त्याने तो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पल्याडची मंडळी तरसअण्णांकडे आली. रानमांजरबाई म्हणाल्या, "गोल करणारा आमचा, असं मी बोलले होते. शब्द तो शब्द. तो आम्हाला द्या. आणि हे तुमचं उसनं परत घ्या."

वाटी परत देताना रिकामी देऊ नये, ही रीत पल्याडलाही होती. म्हणून त्यांनी भिंगऱ्याच्या गळ्यात मूठभर बोरं बांधली होती.

समितीला अभिमान वाटला. अल्याडचा खेळाडू पल्याडला जाणार! निरोपाचा सत्कार ठरला. तरसअण्णा घुबडाकडे मानपत्र मागायला गेले. घुबडाने सामना पाहिला होता. गोलच्या वरची फांदी त्याची होती, आणि त्या वेळेला अंधुक उजेडात ज्यांना दिसतं अशांपैकी ते होतं. त्याने सगळं पाहिलं होतं.

"नवीन नको," घुबड म्हणालं. "जुनंच वाचा. नाव तेच आहे."

जुनंच वाचलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. टाळ्या वाजल्या. मग पुतळा उपटला आणि नदीत ढकलला. लाकडाचा असल्यामुळे तो आरामात तरंगत पलीकडे गेला. काठावरचे सगळे हात हलवत होते. "बघा, पोहतो कसा!" कुणीतरी म्हणालं.

भिंगऱ्याच्या आईनेही गर्दीतून हात हलवला. मनापासून. जा बाबा एकदाचा, अशा अर्थाने.

आणि आता, मुलांनो, दुसऱ्या दिवसाची सकाळ. सत्कार संपलेला. मैदान ओस. गोलच्या समोर, थोडं तिरकं, एक गोल खळगा. तिथलं गवत पिवळं पडलेलं. त्या जागी कुणी नव्हतं.

भिंगऱ्या चालत आला. जपून आला, आपटायच्या सवयीने. खळग्यापाशी आल्यावर त्याने आधी नाक पुढे करून पाहिलं. काही लागलं नाही. मग एक पाय ठेवला, मग बाकीचे. तो उभा राहिला आणि समोर त्याला गोल दिसला. सगळा. मध्ये काही नाही.

आई कडेला बसून बोरं खात होती. वरच्या फांदीवर घुबड होतं. दिवसाउजेडी त्याचे डोळे किलकिले झाले होते, तरी आलं होतं.

भिंगऱ्याने चेंडू ठेवला. दोन पावलं मागे गेला. मारला. जाळी हलली आणि पुन्हा स्थिर झाली. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. आईच्या दोन्ही खुरांत बोरं होती.

फांदीवरून आवाज आला, "चांगला मारलास."

भिंगऱ्याने वर पाहिलं. घुबड म्हणजे आता भाषण येणार, हे त्याला ठाऊक होतं. तो कान टवकारून उभा राहिला. बराच वेळ काही आलं नाही.

"आणि पुढचं?" त्याने विचारलं.

घुबडाने ढोलीच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. तिथे कुणी बसलेलं नव्हतं.

"पुढचं खोडलं," ते म्हणालं.

"का?"

"चांगला होता, म्हणून."

भिंगऱ्याला ते पुरेसं वाटलं असावं. तो जाळीतून चेंडू आणायला गेला.

तात्पर्य

मुलांनो, खूप मेहनत करा, नावारूपाला या, आणि आलात की वेळ न घालवता ओंडका व्हा. ओंडक्याला हार मिळतात, पंच त्याच्या बाजूने असतात, मोठे संघ त्याला बोलावतात आणि नदीही त्याला बुडवत नाही. जिवंत राहिलात तर रोज सकाळी सरावाला जावं लागेल, आणि बघायला फार तर आई येईल, नाहीतर एखादं घुबड.

हे तात्पर्य आधी पानभर होतं.